अपघाताचा क्लेम: रस्त्यावर मिटवण्याआधी हा हिशेब बघा

"जाऊ द्या, मिटवून टाका. पाच-दहा हजार घ्या, पोलीस-कोर्टाच्या नादी कशाला लागता?" अपघाताच्या जागी हे कुणीतरी म्हणतंच, आणि म्हणणारा पुष्कळदा भल्या मनानं म्हणतो. गाडीवाला घाबरलेला असतो, जखमी माणूस कळवळत असतो, नातेवाइकांना आधी दवाखाना गाठायचा असतो. पण त्या क्षणी एक्स-रेसुद्धा निघालेला नसतो. मांडीचं हाड मोडलंय की नुसता मुका मार आहे, डोक्याला आतून काही झालंय का, माणूस पुन्हा कामावर कधी जाईल, जाईल तरी की नाही, यातलं काहीच कुणाला माहीत नसतं. मग पाच हजार किंवा दहा हजार हा आकडा नेमका कशाचा?

शिवाय बहुतेक वेळा हे पैसे गाडीवाल्याच्या खिशातून जायचेच नसतात. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली किंवा कुणाचा जीव गेला, तर त्याची भरपाई विमा कंपनीनं द्यावी, यासाठीच मालक दरवर्षी हप्ता भरतो. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला पॉलिसीत मर्यादा असते, पण माणसाच्या दुखापतीला आणि मृत्यूला रकमेची मर्यादा नसते. म्हणजे रीतसर क्लेम झाला तर जखमी माणसाला खऱ्या नुकसानीच्या हिशेबानं पैसे मिळतात आणि गाडीमालकही मोकळा होतो. रस्त्यावर मिटवलं तर दोघांचंही नुकसान होतं आणि विमा कंपनीला काहीच द्यावं लागत नाही.

दोन वेगळी प्रकरणं

अपघातानंतर दोन कामं शेजारी-शेजारी चालतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक फौजदारी. निष्काळजीपणानं गाडी चालवून इजा केली म्हणून पोलीस चालकावर गुन्हा दाखल करतात. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेखाली होतो. त्यात शिक्षा होईल किंवा चालक सुटेल, पण जखमीच्या हातात त्यातून सहसा काही पडत नाही.

दुसरं प्रकरण भरपाईचं. ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतं. वकिलांच्या बोलण्यात याला 'एमएसीटी' म्हणतात आणि ते बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्याच आवारात असतं. अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली करायचा. जखमी स्वतः अर्जदार होतो, मृत्यू झाला असेल तर वारस. गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी हे सामनेवाले. साताऱ्याच्या माणसाला पनवेलजवळ ट्रकनं उडवलं तर त्यानं तारखांना रायगड जिल्ह्यात खेटे घालायची गरज नाही. अपघाताची जागा, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो ती जागा, किंवा सामनेवाला राहतो ती जागा, यातलं सोयीचं न्यायाधिकरण निवडता येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे.

फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणजे क्लेम संपला, असं नाही. तिथं गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. इथं कोणती बाजू जास्त संभवनीय वाटते एवढंच पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा बजावलं आहे: हा कायदा कल्याणकारी आहे, पुराव्याच्या तांत्रिक कसोट्या इथं फौजदारी खटल्यासारख्या ताणायच्या नाहीत.

मुदतीबद्दल मात्र ढिलाई नको. १९९४ पासून पुढे बरीच वर्षं क्लेमला मुदतच नव्हती आणि "पोरगं बरं झालं की बघू" असं म्हणून लोक दोन-तीन वर्षांनी अर्ज करत. २०१९ च्या दुरुस्तीनं ही मोकळीक गेली. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेशही दिला. पण अंतरिम आदेशावर घराचं भवितव्य टांगून ठेवू नये. उपचार चालू असले तरी अर्ज करता येतो. बिलं आणि दाखले नंतर जोडता येतात.

पहिल्या काही दिवसांचे कागद

क्लेम जिंकला किंवा हरला जातो तो अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात, हे कुणीतरी दवाखान्याच्या दारातच सांगायला हवं. दवाखान्यात भरती करताना "कसं लागलं?" असं विचारतात. घाबरलेले नातेवाईक "पडला" असं सांगतात, कारण पोलीस केस म्हटलं की दवाखाना घेणार नाही अशी भीती असते. तो एक शब्द केसपेपरवर जातो आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच वाचून दाखवतो: हा माणूस स्वतःच पडला होता, आमच्या गाडीचा संबंधच नाही. म्हणून खरं तेच सांगायचं. कोणत्या गाडीनं, कुठं, किती वाजता धडक दिली. दवाखान्यानं मेडिको-लीगल नोंद करून पोलिसांना कळवलं की अपघात त्या दिवशीच्या कागदावर येतो. उपचार नाकारले जातील ही भीतीही आता धरायला नको. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५ मध्ये लागू झाली आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात.

एफआयआर उशिरा झाला तरी त्या एका कारणावरून क्लेम फेटाळला जात नाही. माणूस आधी दवाखाना बघतो, ठाणं नंतर, हे न्यायालयांनी मान्य केलेलं आहे. पण एफआयआर झालाच नाही तर मात्र वाट बिकट होते. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीची आरसी, चालकाचं लायसन्स, विमा पॉलिसी, जखमीचं इंज्युरी सर्टिफिकेट, मृत्यू झाला असेल तर इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम अहवाल, हे सगळे कागद पोलिसांकडून मिळतात. महाराष्ट्रात गाडी, चालक आणि विमा यांची माहिती पोलीस 'कॉम्प एए' नावाच्या फॉर्ममध्ये भरून देतात. तो मागून घ्या.

खरं तर हे कागद गोळा करायचं ओझं आता पोलिसांवरच टाकलेलं आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्यानं ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. हा सविस्तर अहवालच न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणून धरू शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याची नीट अंमलबजावणी व्हावी म्हणून देशभरासाठी निर्देश दिले. ही पद्धत जिथं मनापासून राबवली जाते तिथं गरीब माणसाचे कितीतरी हेलपाटे वाचतात. तुमच्या ठाण्यात ती राबवली जात नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा की सविस्तर अहवाल कधी पाठवणार. अर्जाची पोच घ्या. आणि तेवढ्यावर न थांबता स्वतःचा अर्जही मुदतीत करा.

घरात एक पिशवी वेगळी ठेवा. त्यात औषधांच्या पावत्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीची बिलं, दवाखान्याला जाण्यायेण्याच्या रिक्षा-गाडीच्या पावत्या, कामावरच्या रजेचं पत्र, सगळं जाऊ द्या. मेडिक्लेममधून बिलं मिळाली असतील तरी झेरॉक्स ठेवा. मेडिक्लेमचे पैसे क्लेममधून वजा करायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये ठरवलं आहे. तुम्ही स्वतः हप्ते भरून घेतलेल्या पॉलिसीचा फायदा धडक देणाऱ्याला का मिळावा, इतका साधा न्याय त्यामागे आहे. आयुर्विम्याच्या पैशांबद्दल हेच तत्त्व १९९८ मध्ये आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं.

रक्कम ठरते कशी

आता मुख्य भाग. क्लेमची रक्कम न्यायाधीशांच्या मनावर असते, वकील ओळखीचा असला की जास्त मिळते, असं लोक समजतात. प्रत्यक्षात तिचं बऱ्यापैकी ठरलेलं गणित आहे आणि सातवीतलं मूल ते मांडू शकेल. २००९ चा 'सरला वर्मा' आणि ३१ ऑक्टोबर २०१७ चा 'प्रणय सेठी' हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल त्याचा पाया आहेत. कोर्टात ही दोन नावं रोज ऐकू येतात.

आधी उत्पन्न धरायचं. त्यात भविष्यातल्या वाढीचा वाटा मिळवायचा, कारण माणूस आयुष्यभर त्याच पगारावर राहत नाही. कायम नोकरी असेल तर ४० वर्षांखालच्याला ५० टक्के, ४० ते ५० मध्ये ३०, ५० ते ६० मध्ये १५ टक्के. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर त्याच क्रमानं ४०, २५ आणि १० टक्के. मग वयाप्रमाणे गुणक लावायचा, म्हणजे वर्षाच्या रकमेला ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. १५ ते २५ वर्षांना १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३. पुढे तो झपाट्यानं उतरतो: ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यानंतर ५.

दुखापतीच्या दाव्यात यात एक आकडा येतो आणि सगळं त्याच्यावर फिरतं: कमावण्याची क्षमता किती टक्के गेली. जिल्हा शल्य चिकित्सक अपंगत्वाचा दाखला देतात त्यावर, समजा, ४० टक्के लिहिलेलं असतं. विमा कंपनी म्हणते, चाळीस टक्के अपंग, म्हणजे चाळीस टक्के कमाई गेली. इथंच बहुतेक लोक फसतात. शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. त्यातलंच उदाहरण: डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व समजा ६० टक्के. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच माणूस सरकारी कार्यालयात कारकून असेल तर कदाचित त्याची नोकरी टिकेल आणि कमाईचं नुकसान पुष्कळ कमी असेल.

आकड्यात बघू. समजा, फरशी बसवणारा ३४ वर्षांचा कारागीर आहे, महिना १५,००० मिळवतो. ट्रकखाली पाय सापडला, गुडघा आता वाकत नाही. दाखल्यावर ४० टक्के. फरशीचं काम उकिडवं बसूनच होतं, त्यामुळे ते काम त्याला कायमचं गेलं. विमा कंपनीचा हिशेब असा: वर्षाचे १,८०,०००, त्याचे ४० टक्के ७२,०००, गुणिले १६, म्हणजे ११,५२,०००. आता नीट मांडू. वर्षाच्या १,८०,००० मध्ये ४० टक्के वाढ मिळवली की २,५२,०००. कमाईचं नुकसान ८० टक्के सिद्ध झालं तर २,०१,६००. गुणिले १६, म्हणजे ३२,२५,६००. माणूस तोच, पाय तोच, दाखलाही तोच. फरक २० लाखांहून जास्त. दुखापतीच्या दाव्यातही भविष्यातली वाढ धरायची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं आहे, त्यामुळे ती सोडून मांडलेला हिशेब स्वीकारू नका.

८० टक्के सिद्ध कसं करायचं? डॉक्टरांची साक्ष घेऊन. नुसता दाखला जोडून भागत नाही. हा माणूस उकिडवा बसू शकत नाही, जिना चढू शकत नाही, वजन उचलू शकत नाही, हे डॉक्टरांनी सांगावं लागतं. मग त्याच्या कामाचं स्वरूप सांगणारा साक्षीदार हवा, म्हणजे ठेकेदार, सोबतचा कारागीर, नाहीतर ज्यांच्या घरी त्यानं काम केलं ते घरमालक. माझ्या मते वकिलाची खरी परीक्षा इथं आहे. डॉक्टरांना साक्षीला आणण्याचा कंटाळा करणारा वकील अशिलाचे लाखो रुपये घालवतो.

यावर इतर नुकसान वेगळं. झालेला आणि पुढे होणारा उपचारखर्च, उपचाराच्या काळातली बुडालेली कमाई, खाण्यापिण्याचा आणि प्रवासाचा खर्च, सोसलेल्या वेदना, आयुष्यातल्या हिरावलेल्या साध्या सुखांची भरपाई, तरुण मुलामुलींच्या बाबतीत लग्नाच्या शक्यतेवर झालेला परिणाम. कृत्रिम पाय बसवला असेल तर तो काही वर्षांनी बदलावा लागतो, म्हणून पुढच्या बदलांचाही खर्च मागायचा. सांभाळायला माणूस लागत असेल तर त्याचा खर्च गुणक लावूनच मोजायचा. १२ वर्षांच्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तसं केलं. बायको किंवा आई सेवा करते म्हणून तो खर्च शून्य होत नाही. तिच्याही दिवसाला किंमत आहे.

मृत्यूच्या दाव्यात गणित थोडं बदलतं. तिथं मृत व्यक्तीचा स्वतःवरचा खर्च वजा होतो: दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश, अविवाहित असेल तर साधारण निम्मा. समजा, ४२ वर्षांचा दुकानदार, महिना २०,०००, मागं चार जण. २५ टक्के वाढ धरून २५,०००, चौथा हिस्सा वजा करून १८,७५०, वर्षाचे २,२५,०००, गुणिले १४, म्हणजे ३१,५०,०००. शिवाय २०१७ च्या निकालाप्रमाणे इस्टेटीच्या हानीचे १५,०००, अंत्यविधीचे १५,००० आणि सहवासाच्या हानीचे ४०,०००. हे आकडे दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. सहवासाची रक्कम फक्त पत्नीलाच असं नाही. मुलांना आणि आई-वडिलांनाही ती मिळते.

आणि हो, अर्जात १० लाख मागितले म्हणून १० लाखांवर हात बांधले जात नाहीत. योग्य रक्कम जास्त निघत असेल तर मागणीपेक्षाही जास्त देता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय.

ज्यांच्या कमाईला पावती नाही

पगाराची स्लिप आणि आयकर विवरणपत्र असलेल्यांचं ठीक. पण आपल्याकडे शेतकरी, शेतमजूर, भाजीवाली, प्लंबर, टेम्पोचालक यांच्या कमाईला कागद कुठं असतो? विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत हाच प्रश्न विचारतो: "उत्पन्नाचा पुरावा आहे का?" नाही म्हटलं की उत्पन्न किमान वेतनाच्या आसपास धरलं जातं. म्हणून जे जे मिळेल ते जोडा. सातबारा, आठ-अ, बाजार समितीतल्या आडत्याची पट्टी, कारखान्याचं ऊसबिल, डेअरीच्या पगाराच्या पावत्या, फोनवर पैसे आल्याच्या नोंदी दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट, बचत गटाचं पासबुक. एक कागद दुबळा वाटतो, पण असे सात-आठ एकत्र आले की न्यायाधीशांना आकडा धरायला आधार मिळतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत कंपनी हमखास म्हणते की जमीन तर घरातच आहे, उत्पन्न कुठं गेलं? सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये म्हटलं आहे की जमीन राहते हे खरं, पण ती कसणारा आणि तिच्यावर देखरेख करणारा गेल्यावर मजूर किंवा माणूस ठेवावा लागतो, त्याचा हिशेब करायला हवा. म्हणून धारा कोण काढत होतं, रात्रीचं पाणी कोण देत होतं, बाजाराला माल कोण नेत होतं, ही माहिती साक्षीत तपशिलानं यायला हवी.

गृहिणीबद्दल तर मला फार तळमळीनं सांगायचंय. "ती कमवत नव्हती" हे वाक्य घरचेच लोक वकिलाच्या कार्यालयात बोलतात. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा विषय सविस्तर हाताळला: घरातल्या स्त्रीच्या कामाचं मूल्य काल्पनिक उत्पन्न म्हणून धरायचं आणि त्यावर भविष्यातली वाढही द्यायची. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधं, जनावरांचं शेण-पाणी, शेतातली खुरपणी, सगळं तिच्या कामात येतं आणि सगळं अर्जात लिहायचं. अपघातात तिचा हात गेला असेल तर घरानं काय गमावलं ते ओळीनं सांगायचं.

विमा कंपनी काय म्हणेल

तुमचाही दोष होता, हे तिचं पहिलं म्हणणं असतं. ते खरं ठरलं तर क्लेम फेटाळला जात नाही. जेवढा दोष, तेवढे टक्के रक्कम कमी होते. पण दोष अपघाताला कारणीभूत असावा लागतो. मोटारसायकलवर तिघं होते एवढ्यावरून दोष आपोआप लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. दोन गाड्यांच्या धडकेत रिक्षातला प्रवासी जखमी झाला आणि दोन्ही चालकांचा दोष असेल, तर प्रवाशाला कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. ते आपसात काय वाटून घेतील ते घेतील.

लायसन्स नव्हतं किंवा खोटं होतं, हे दुसरं म्हणणं. यात पुष्कळदा न्यायालय कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. छोट्या टेम्पोंबाबतचा जुना वाद ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं संपवला: हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोंपेक्षा कमी वजनाचं वाहतूक वाहनही चालवू शकतो.

काही ठिकाणी मात्र कंपनीचं म्हणणं खरंच टिकतं. ते आधी माहीत असलेलं बरं. तुम्ही एकटेच गाडीवरून घसरलात, दुसरं वाहनच नव्हतं, तर थर्ड पार्टी क्लेम होत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो आणि तोही मृत्यू किंवा ठरावीक कायम अपंगत्वापुरता. वडिलांची किंवा मित्राची गाडी मागून आणली आणि स्वतःच्या चुकीनं पडलात, तर कायदा तुम्हाला मालकाच्याच जागी धरतो. आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर त्याच दुचाकीवर मागं बसलेल्याला किंवा त्याच खासगी कारमधल्या पाहुण्याला त्या पॉलिसीतून पैसे मिळत नाहीत. सर्वंकष (कॉम्प्रिहेन्सिव्ह) पॉलिसीत मिळतात. आपल्याकडे दुचाकीवर मागं बायको-मुलं असतात. वर्षाचे हजारभर रुपये वाचवायला फक्त थर्ड पार्टी काढणाऱ्यांनी आजच आपली पॉलिसी काढून वाचावी.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. रक्कम तुटपुंजी आहे, पण हक्काची आहे. कुणाचीही चूक सिद्ध न करता मिळणारी कलम १६४ ची भरपाई मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला २.५ लाख आहे. मात्र ती स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो, म्हणून आधी वरचं गणित मांडून बघा. अपघात कामावर असताना झाला असेल तर कामगार भरपाई किंवा मोटार अपघात दावा, यातलं एकच निवडता येतं. रेल्वेतून पडून झालेल्या अपघाताचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातो, तो वेगळा विषय.

वकील आणि पैसे

जिल्हा रुग्णालयाच्या आवारात क्लेम करून देणारी माणसं भेटतात. "आत्ता एक रुपयाही नको, मिळतील त्यातले तीस टक्के द्या." निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी बंद आहे. अशा माणसानं पुढे केलेल्या कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर किंवा बँकेच्या कागदावर सही करू नका. फी किती आणि कधी, हे लिहून घ्या. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना तर उत्पन्न न बघता.

मध्येच लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. ती वाईट नाही. तारखा वाचतात, पैसे लवकर येतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून स्वतःचा आकडा कागदावर मांडून मगच बसा. तुमच्या गणितात ३२ लाख निघत असतील आणि समोरून २७ येत असतील तर विचार करण्यासारखं आहे. ९ येत असतील तर उठून या.

निकाल लागला की मंजूर रकमेवर साधारण अर्ज दाखल केल्या तारखेपासून व्याज मिळतं. कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, पण वादातली रक्कम १ लाखाहून कमी असेल तर नाही. गाडीला विमाच नसेल तर मालकाकडून वसुली करावी लागते. त्यासाठी न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ही वाट लांबची आहे, म्हणून मालकाची जमीन, घर, गाडी यांची माहिती दावा चालू असतानाच काढून ठेवा.

रक्कम अर्जदाराच्याच बँक खात्यात जाते. अज्ञान मुलांचा हिस्सा, आणि बरेचदा विधवेच्या हिश्शाचाही काही भाग, न्यायाधिकरण काही वर्षांसाठी मुदत ठेवीत ठेवतं, म्हणजे दीर-जावयांच्या दबावाखाली तो एकदम खर्च होऊ नये. मधेच शस्त्रक्रिया, शिक्षण किंवा घरासाठी गरज पडली तर त्याच न्यायाधिकरणात साधा अर्ज आणि खर्चाचं अंदाजपत्रक देऊन ठेव मोडायची परवानगी मागता येते.